चाल उसनी, भाव आपला
हसीदी गाणे-नाचणे आणि मराठी ज्यूंचे कीर्तन

(सांगली येथे झालेल्या स्मृती-व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आजचा विषय पत्रिकेत वाचून काही जणांना नवल वाटले असेल. हसीदी ज्यू पूर्व युरोपातले आणि आपण कृष्णाकाठची माणसे. त्यांच्या गाण्या-नाचण्याशी आपले काय नाते? माझे म्हणणे असे की हा विषय समजून घ्यायला सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या श्रोत्यांइतके तयार श्रोते सहसा मिळायचे नाहीत. देवाचे नाव घेत नाचणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगावे लागत नाही. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदचा मुक्काम झाला की तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब इथे पहिले उभे रिंगण होते, ते तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलेले आहे. आणि कीर्तन तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याच कीर्तनाचा एक धागा आज मला तुमच्या हाती द्यायचा आहे. तो मराठी ज्यूंचा आहे आणि आपल्या विस्मरणात गेला आहे.

आधी या भूमीचे एक ऋण सांगतो. सातारा जिल्ह्यातले औंध आणि सांगली जिल्ह्यातली आटपाडी ही एकेकाळी एकाच संस्थानातली गावे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपला अधिकार प्रजेच्या हाती सोपवला आणि १९३९ मध्ये औंधला ग्रामस्वराज्याची राज्यघटना आली. त्या प्रयोगात महात्मा गांधींचे मार्गदर्शन होते, राजपुत्र अप्पासाहेब पंत होते आणि त्यांच्या जोडीला मॉरिस फ्रीडमन नावाचा वॉर्सा शहरातला एक पोलिश ज्यू इंजिनिअर होता. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर, म्हणजे कैद्यांना भिंतींवाचून ठेवणारी वसाहत, ही त्याचीच कल्पना. पुढे तिच्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला आणि त्याची कथा लिहिणारे गदिमा याच मुलखातले. हाच फ्रीडमन उतारवयात मुंबईच्या खेतवाडीत निसर्गदत्त महाराजांच्या पायाशी बसला, त्यांचे मराठी निरूपण त्याने इंग्रजीत नेले आणि ते पुस्तक १९७३ मध्ये निघाले. फ्रीडमन हसीदी पंथाचा आचार पाळत होता, असे मी म्हणत नाही. पण ज्या वॉर्सात तो वाढला, तिथे गल्लोगल्ली हसीदी मंडळींची छोटी प्रार्थनाघरे होती आणि शनिवारी संध्याकाळी त्यांच्या खिडक्यांतून गाणे बाहेर येत असे. ते गाणे काय होते, तिथून सुरुवात करू.

सतराव्या शतकाच्या मध्यावर पोलंड आणि युक्रेनच्या ज्यूंवर मोठे संकट आले. १६४८ च्या कोसॅक उठावात असंख्य ज्यू वस्त्या कापल्या गेल्या. लोक तारणहाराची वाट पाहू लागले. शब्बताई त्स्वी नावाच्या माणसाने ‘तो मीच’ असे जाहीर केले, आणि १६६६ मध्ये सुलतानापुढे त्याने धर्मच बदलला. समाजाचा धीर खचला. विद्वान पंडित ग्रंथांत बुडालेले आणि गाडीवान, लाकूडतोडे, खानावळवाले असे साधे लोक धर्माच्या दाराबाहेर उभे, अशी स्थिती झाली. त्या काळात पोडोलिया प्रांतात इस्राएल बेन एलिएझर नावाचा पुरुष झाला. लोक त्याला बाल शेम तोव्ह म्हणत. त्याची शिकवण थोडक्यात अशी: देव सगळीकडे भरलेला आहे, त्याला आनंदाने भजावे, आणि अक्षरशत्रू माणसाची कळवळ्याची हाक पंडिताच्या पाठांतराइतकीच वर पोहोचते. १७६० मध्ये तो वारला, पण त्याच्या शिष्यांनी पन्नासेक वर्षांत ही शिकवण पूर्व युरोपभर नेली; तोच हसीदी पंथ. आपल्याकडे संतांनी वेदाचा अर्थ बोलीभाषेत आणला. तिथे या मंडळींनी प्रार्थना सुरांत आणि पायांत आणली.

हसीदी गाण्याचा गाभा म्हणजे निगुन. निगुन ही एक धून असते. तिला बहुधा शब्द नसतात, असतात ती ‘याबाबाम’, ‘आय आय’, ‘बिम बाम’ अशी नुसती अक्षरे. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपत आला की तिसरे जेवण असते, त्या वेळची बैठक डोळ्यांपुढे आणा. शब्बाथात दिवा लावायचा नाही, म्हणून खोली हळूहळू अंधारत जाते. लांब मेजाभोवती माणसे खांद्याला खांदा लावून बसलेली असतात. मेजावर पाव आणि थोडी मासळी, एवढेच. शब्बाथाला वाद्य वाजवायचे नाही, त्यामुळे साथीला काही नाही. कुणीतरी खालच्या सुरात एक धून धरतो. दुसरा ती उचलतो. पहिला भाग दोनदा होतो, मग दुसरा भाग थोडा वर चढतो, आवाज एकमेकांत मिसळतात, आणि पुन्हा मूळ जागी येतात. चेहरे दिसेनासे होतात तरी गाणे चालू राहते, कारण गाणे थांबले की शब्बाथ संपणार असतो आणि तो संपावा असे कुणालाच वाटत नसते.

या धुनांचे प्रकार आहेत. ध्यानाच्या संथ धुना वेगळ्या, गुरूच्या मेजाभोवती म्हणायच्या वेगळ्या, नाचायच्या वेगळ्या. हसीदी पंथाच्या खाबाद शाखेचे संस्थापक श्नेऊर झाल्मान यांची एक चार खंडांची धून आहे. तिचे चार खंड म्हणजे सृष्टीच्या चार पायऱ्या, असे त्यांचे अनुयायी मानतात. ही धून एरवी गायली जात नाही, लग्नासारख्या मोजक्या प्रसंगी म्हणतात आणि तेव्हा सगळे उभे राहतात. शब्दांवाचून एवढा अर्थ कसा वाहून नेता येतो, हा प्रश्न मिरजेच्या शेजारी राहणाऱ्यांना पडू नये. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले आणि तिथल्या दर्ग्यातच त्यांची कबर आहे. एकेका स्वराला सावकाश गोंजारत पुढे जाणारी त्यांची आलापी ज्यांनी ध्वनिमुद्रिकेवर ऐकली असेल, त्यांना निगुनची भाषा कळेल.

आता नाचाविषयी. सिम्हात तोरा हा सण येतो तेव्हा धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या पेटीतून बाहेर काढतात, छातीशी धरतात आणि वेदीभोवती सात फेऱ्या घालत नाचतात. ही रीत सर्व ज्यूंची आहे, पण हसीदी मंडळींत ती रात्र रात्र चालते. ज्याला वाचता येत नाही तोही ग्रंथ खांद्यावर घेऊन नाचतो. वर्तुळात डावा-उजवा हात शेजाऱ्याच्या खांद्यावर असतो, पावले साधी असतात, सगळ्यांना जमतील अशी. लग्नात वधूसमोर नाचणे हे धर्मकृत्यच मानले जाते. ब्रेस्लावचे नाहमान हे बाल शेम तोव्ह यांचे पणतू. टाळ्या वाजवून आणि नाचून मनातली खिन्नता घालवावी, हा त्यांचा आग्रह. स्वतः क्षयाने अडतिसाव्या वर्षी गेलेल्या माणसाचा हा आग्रह आहे, हे ध्यानात घ्यावे. त्यांच्या लेखी आनंद ही साधना होती आणि ती नेमाने करायची होती.

याला विरोध झाला, आणि तोही कडक. विल्ना नगरीच्या पंडितांनी १७७२ मध्ये हसीदी मंडळींवर बहिष्कार पुकारला. आरोपांच्या यादीत एक असा होता की हे लोक प्रार्थनेच्या वेळी कोलांट्या उड्या मारतात. काही गटांत ते खरेही होते. त्यावर हसीदी लोक दावीद राजाची गोष्ट पुढे करत. कराराची पेटी यरुशलेमला आणताना राजा दावीद देहभान विसरून तिच्यापुढे नाचला. राणी मीखलने खिडकीतून पाहिले आणि तिला त्याचा तिटकारा आला. राजाचे उत्तर असे की देवापुढे मी याहूनही हलका व्हायला तयार आहे. राजा जिथे हलका होतो तिथे रयतेला मोकळे वाटते, हे आपल्या वारीच्या वाटेवर नव्याने सांगायला नको. रिंगणात टाळ वाजू लागले, पावली सुरू झाली, की पाटील आणि शेतमजूर एकाच ठेक्यावर पाय टाकतात.

मात्र दोन्हींतला फरक झाकून ठेवू नये. वारकऱ्याचा आधार शब्द आहे. अभंग गेला तर दिंडीत काही उरणार नाही. हसीदी धून शब्दावाचून उभी राहते. वारीत बायका डोक्यावर तुळस घेऊन पुरुषांबरोबर चालतात, फुगडी घालतात. हसीदी रिवाजात स्त्री-पुरुषांचा नाच वेगळा असतो आणि स्त्रियांनी परपुरुषांसमोर गायचे नसते. हे मान्य करूनही एक गोष्ट दोघांत समान राहते: देवाजवळ जायला शरीर आड येत नाही, शरीर वाट होते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. हसीदी मंडळींनी चाली कुठून घेतल्या? मिळतील तिथून. हंगेरीतल्या कालिव्ह गावचे गुरू यित्झाक आयझिक तौब यांनी रानात एका धनगराला गाताना ऐकले, त्याला पैसे देऊन ते गाणे घेतले आणि त्याच चालीवर देवाच्या विरहाचे गाणे केले, अशी आठवण सांगतात. ते आजही गायले जाते. नेपोलियनचे सैन्य १८१२ मध्ये रशियात शिरले, त्याच्या कूचगीताची चाल खाबादवाल्यांनी उचलली आणि ती उपासाच्या सर्वांत पवित्र दिवसाच्या अखेरीस म्हणायला घेतली. चाल धनगराची असो की शत्रूच्या शिपायाची, तिच्यात अडकलेला दैवी अंश सोडवून आणणे हे आपले काम, अशी त्यांची श्रद्धा. चाल उसनी घ्यावी, भाव आपला घालावा.

आणि हेच, हसीदी पंथाचा वाराही न लागता, आपल्या मराठी ज्यूंनी केले.

बेने इस्राएल समाज कोकणातला. अलिबागजवळच्या नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून आम्ही वाढलो, अशी त्यांची परंपरा. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावे पाहा: दिवेकर, केहिमकर, अष्टमकर, राजपूरकर, पेणकर, रोहेकर. घरची भाषा मराठी. हिब्रू मात्र जवळजवळ विसरलेली, शेमा ही प्रार्थना तेवढी ओठांवर टिकलेली. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या, जॉन विल्सन यांच्यासारख्यांनी त्यांना हिब्रूही शिकवली, आणि जुन्या कराराच्या कथा मराठीत वाचायला मिळू लागल्या. मग समाजाने स्वतःच लेखणी हाती घेतली. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचा हग्गादा हा ग्रंथ १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी अर्थासह छापला गेला. जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली.

पण छापलेले पुस्तक वाचता येणाऱ्यांपुरते असते. घरातल्या बायका, तेलाचे घाणे चालवणारे, पलटणीतले शिपाई यांच्यापर्यंत अब्राहाम, योसेफ आणि मोशे कसे पोहोचावेत? आसपासच्या देवळांत कीर्तने होत होती. ती ऐकून काही तरुणांनी ठरवले की आपल्या पूर्वजांची आख्याने कीर्तनातून लावायची. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतले ठळक नाव. १८८० मध्ये त्यासाठी मंडळ निघाले, ‘कीर्तनोत्तेजक’ या नावाचे. त्याच वर्षी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ करून जी वाट पाडली, ती गाण्याच्या अंगाने इथवर आली होती. सारा महाराष्ट्र नव्या पदांच्या नादात होता आणि मराठी ज्यूही त्या नादात होते.

या कीर्तनाची बांधणी तुम्हाला परकी वाटणार नाही. कीर्तनकार उभा, साथीला पेटी, तबला आणि झांज. नमन होते ते मूर्तीवाचूनच्या एका ईश्वराला. मग विषय सांगायचा आणि आख्यान लावायचे. मध्ये ओवी, साकी, दिंडी, आर्या, पद. छापील पुस्तिकेत पदाच्या डोक्यावर चाल लिहिलेली, लोकांच्या कानात बसलेली. आता योसेफाचे आख्यान मनात आणा. बापाचा लाडका मुलगा, भावांचा मत्सर, रंगीत अंगरखा रक्तात बुडवून म्हाताऱ्या याकोबापुढे टाकलेला. तो अंगरखा ओळखून बाप छाती पिटतो, त्या ठिकाणी मराठी साकी येते. कृष्णाकाठच्या बाईला दशरथाच्या शोकाला जे पाणी डोळ्यांत येते, तेच मुंबईतल्या ज्यू आजीच्या डोळ्यांत याकोबासाठी येत असणार. कथा हिब्रू, पाणी मराठी.

घरगुती विधीतही हेच दिसते. बेने इस्राएल घरात नवस फेडताना, लग्नाआधी किंवा नव्या घरात गेल्यावर मालिदा करतात. भिजवलेल्या पोह्यांत गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची, सुकामेवा घालून ताट रचतात, त्यावर फळे मांडतात आणि एलियाहू हनाबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला, हाक घालतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या चाकाची खूण खडकावर आहे, अशी श्रद्धा आहे. पोहे कोकणचे आणि संदेष्टा बायबलचा. इकडे पूर्व युरोपातल्या हसीदी घरी शनिवारची संध्याकाळ संपून मेणबत्ती द्राक्षारसात विझवली, की त्याच एलियाचे गाणे म्हणतात. या दोन घरांची कधी गाठ पडली नव्हती. दोघांनी एकाच संदेष्ट्याला आपापल्या परिसराच्या सुरात बोलावले.

साताऱ्याच्या श्रोत्यांना इथे रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतील. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात बसवले आणि आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, साताऱ्यातच ‘देवाचा दरबार’ सुरू केला. अहमदनगरकडच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन आधीच हाती घेतले होते. मग मराठी भक्तिगायनाचा इतिहास लिहिताना ख्रिस्ती अभंगांना एक परिच्छेद मिळतो, तसा ज्यू कीर्तनांना का मिळत नाही? लहान समाज, थोड्या प्रती छापलेल्या पुस्तिका, आणि पुढे झालेले स्थलांतर, ही कारणे आहेत. आपण विचारले नाही, हेही एक कारण आहे.

१९४८ च्या सुमारास भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. आज इथे ते पाच हजारांहून कमी उरले आहेत आणि इस्रायलमध्ये त्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्रायलमधल्या मंडळींनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले, १ मे रोजी ते महाराष्ट्र दिन साजरा करतात. गाणी टिकली ती मुख्यतः बायकांच्या वह्यांत. हाताने उतरवलेली पदे, हळदीची आणि मेंदीची गाणी, कीर्तनातले तुकडे. या वह्या समुद्रापार गेल्या आणि तिथे वयस्क स्त्रिया एकत्र जमून त्यातून गात आल्या. कीर्तनकार पुरुष कमी झाले तेव्हा स्त्रियांनी हा ठेवा सांभाळला, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

गाणे कसे नाहीसे होते आणि कसे वाचते, हे हसीदी इतिहासात भयंकर स्पष्ट दिसते. नाझींनी पोलंड, युक्रेन, हंगेरीतल्या हसीदी वस्त्या संपवल्या. ज्यांच्या गळ्यात शेकडो धुना होत्या ती माणसे गेली. मोझित्झ या हसीदी घराण्याच्या परंपरेत सांगतात की त्यांच्यातल्या अझ्रिएल दावीद फास्टाग या गायकाने ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीला नेणाऱ्या गाडीत श्रद्धेच्या वचनाला चाल लावली आणि ती बाहेर पोहोचली. खाबादचे सहावे गुरू योसेफ यित्झाक १९४० मध्ये युद्धातून निसटून न्यूयॉर्कला आले. समाज उद्ध्वस्त, माणसे विखुरलेली, युद्ध संपलेले नाही. त्या अवस्थेत १९४४ मध्ये त्यांनी धुना गोळा करण्यासाठी संस्था काढली. श्मुएल झाल्मानोव्ह नावाच्या कार्यकर्त्याने वाचलेल्या वृद्धांकडून एकेक धून ऐकली, स्वरलिपीत उतरवून घेतली आणि छापली. आज ब्रुकलिनपासून यरुशलेमपर्यंत तरुण ज्या धुनांवर नाचतात, त्यातल्या कित्येक या कामामुळे जिवंत आहेत.

त्याच खाबाद शाखेचे घर आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये आहे. तिथले गाव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग हे तरुण दांपत्य २००८ च्या नोव्हेंबरमधल्या दहशतवादी हल्ल्यात मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला सांभाळणाऱ्या बाईंनी त्याला उचलून बाहेर आणले. ते घर २०१४ मध्ये पुन्हा उघडले. म्हणजे हसीदी गाणे आज महाराष्ट्रातही गायले जाते, आणि केवढी किंमत देऊन, हे आपल्याला ठाऊक असावे.

श्रोतेहो, १९४४ मध्ये जे न्यूयॉर्कला झाले ते आपल्याला आज कितीतरी सोप्या परिस्थितीत करायचे आहे. आपल्यामागे युद्ध लागलेले नाही. हातातल्या फोनवर ध्वनिमुद्रण होते. मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगडात अजून अशी वयस्क माणसे आहेत ज्यांना आईकडून ऐकलेली पदे येतात. दहा वर्षांनी ती असतील, असे धरून चालता येणार नाही.

म्हणून तीन विनंत्या करतो. पहिली, मराठी आणि संगीत शिकवणाऱ्या महाविद्यालयांना: तुमच्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी हा विषय द्या, आणि जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत, सांगली-साताऱ्याच्या नगर वाचनालयांतसुद्धा, या पुस्तिका शोधायला लावा. दुसरी, कीर्तनकारांना: तुम्ही शिवचरित्र लावता, टिळक-आगरकर लावता, एकदा ज्यू मंडळींना विचारून, त्यांच्या संमतीने आणि सोबतीने, योसेफाचे आख्यान लावा. तिसरी विनंती प्रत्येकाला आहे. तुमच्या ओळखीत दिवेकर, अष्टमकर, पेणकर अशा आडनावाचे बेने इस्राएल कुटुंब असेल, तर त्यांच्या घरी जुनी वही आहे का, एवढे विचारा. असली तर तिच्यातली पदे त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून घ्या. मराठी कीर्तनाच्या इतिहासातले हे प्रकरण अजून लिहायचे राहिले आहे, आणि ते लिहिणे हे आपले, मराठी बोलणाऱ्या सर्वांचे काम आहे.